स्मारकरक्षणाच्या सनदा आणि पुण्याचे वाडे

११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनांत महाराष्ट्रांतील अकरा आणि तामिळनाडूंतील एक अशा बारा मराठा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. त्यांपैकीं शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आमच्या पुणें जिल्ह्यांतले. ह्या वार्तेनें पुणेंकरांस आनंद व्हावा हें स्वाभाविकच आहे. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न मनांत उभा राहतो. आमच्या गडांची योग्यता पारखणारे हे परीक्षक कोण, त्यांच्या हातीं मापदंड कोणता, आणि तो मापदंड घडवितांना आमचा शब्द कितपत विचारांत घेतला गेला? ह्या प्रश्नाच्या निमित्तानें स्मारकरक्षणाच्या ज्या मुख्य आंतरराष्ट्रीय सनदा आहेत त्या आम्हीं पुन्हां एकदां ओळीनें वाचून काढल्या. काव्यनाटकांचा परामर्श घेणाऱ्या मासिकांत असल्या रूक्ष कागदांचें परीक्षण कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. पण कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. सनद फसली तर कसब्यांतल्या एखाद्या कुटुंबाचें घर जातें. तेव्हां ह्या कागदांकडे टीकाकारानें पाहूं नये तर कोणाकडे पाहावें?

प्रथम संस्थेची ओळख. १९६४ च्या मे महिन्यांत व्हेनिस येथें जमलेल्या वास्तुविशारदांनीं व स्मारकतज्ज्ञांनीं एक सनद सिद्ध केली, आणि तिच्या पाठोपाठ १९६५ मध्यें पोलंडांत, वॉर्सा व क्राको ह्या शहरीं, स्मारकें व स्थळें ह्यांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला इकोमॉस म्हणतात. १९७२ चा जागतिक वारशाचा करार झाल्यावर वास्तूंविषयीं सल्ला देण्याचें काम ह्या परिषदेकडे आलें. भारतानें त्या करारास १९७७ मध्यें मान्यता दिली. परिषदेचें मुख्य कार्यालय फ्रान्समध्यें आहे खरें, पण तिचें बळ तेथें नाहीं. तें आहे देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्यांत. अशा समित्या शंभराहून अधिक असून भारताचीहि एक आहे. सभासदांची वर्गणी आणि त्यांचा फावला वेळ हेंच बहुतेक समित्यांचें भांडवल. दगड, लांकूड, माती, भित्तिचित्रें अशा एकेका विषयाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळांना माणसें ह्याच समित्या पुरवितात, परदेशांतील स्थळें तपासावयास जाणारे तज्ज्ञहि त्यांच्याच सभासदांतून निवडले जातात, आणि एखाद्या देशांत वास्तूवर संकट आलें तर त्याची हांक जगापर्यंत ह्यांच्याच मार्फत पोंचते. येथें एक नियम फार शहाणपणाचा आहे : ज्या देशाचा प्रस्ताव, त्या देशाच्या तज्ज्ञानें त्याची तपासणी करावयाची नाहीं. वादीनेंच न्यायासनावर बसूं नये हें उघड आहे. म्हणून आपल्या किल्ल्यांची पाहणी परक्यांनीं केली, ह्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. आपलेहि लोक परक्यांच्या वास्तू पाहावयास जातात.

पण माणसें पुरविणें, अहवाल लिहिणें, दरवर्षीं १८ एप्रिलला स्मारकदिन साजरा करणें, एवढ्यानें राष्ट्रीय समितीचें कार्य संपलें असें आम्हांस वाटत नाहीं. तिची खरी सेवा निराळीच आहे, आणि ती ह्या सनदा एकामागून एक वाचल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

व्हेनिसची सनद ही लेखनदृष्ट्या ह्या सर्वांत सरस. कलमें अवघीं सोळा, शब्द मोजके, पाल्हाळ नाहीं. तर्काला जेथें सुरुवात होते तेथें जीर्णोद्धारकानें हात आंखडावा, नवा भाग जुन्यांत खपून जावा पण ओळखूं न येण्याइतका नव्हे, ढांसळलेल्या अवशेषांची पुन्हां जुळणी करावी पण कल्पनेनें इमारत उभारूं नये, हे तिचे मुख्य दंडक. पुण्यास ह्यांत नवें असें थोडेंच होतें. पुरातत्त्वखात्याच्या पश्चिम विभागाचें ठाणें एके काळीं पुण्यांतच होतें, आणि त्या खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल ह्यांनीं १९२३ मध्यें काढलेल्या नियमपुस्तकांत नवें करण्यापेक्षां जुनें टिकविणें हेंच पहिलें कर्तव्य असल्याचें बजावलेलें होतें. व्हेनिसकरांनीं तोच विचार जगासाठीं घोटून मांडला. मात्र सनदेखालच्या सह्या पाहाव्या : नांवें तेवीस, त्यांत युरोपबाहेरचीं तीन, ट्यूनिशिया, मेक्सिको आणि पेरू येथलीं. भारताचें नाहीं, जपानचें नाहीं, चीनचें नाहीं. सनदेच्या अक्षराअक्षरांत दगड दिसतो तो ह्यामुळेंच. रोमन कमान किंवा गॉथिक प्रार्थनामंदिर डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेले हे नियम आहेत. शंभर वर्षांनीं ज्याची तुळई बदलावी लागते, पावसाळ्यापूर्वीं ज्याचीं कौलें दरसाल चाळावीं लागतात, अशा घराचा विचार त्यांत फारसा नाहीं.

हा दगडी दृष्टिकोन आपल्या अंगणांत कसा उतरला, हें पाहावयास फार लांब जावयास नको. थोरल्या बाजीरावांनीं १७३० मध्यें पाया घालून १७३२ मध्यें ज्याची वास्तुशांत केली, त्या शनिवारवाड्याचें लांकडी वैभव १८२८ च्या आगींत जळून गेलें. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोतीं; म्हणजे दगड. त्या दगडाला कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि तें मिळालेंच पाहिजे होतें. पुढें १९९२ च्या अधिसूचनेनें आणि २०१० च्या दुरुस्तीनें अशा संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम वर्ज्य ठरलें, त्यापुढच्या दोनशें मीटरांत तें परवानगीच्या अधीन झालें. आतां ह्या शंभर मीटरांच्या वर्तुळांत काय आहे तें पाहा. तेथें वाडे आहेत. काळ्या पाषाणाचें जोतें, त्यावर सागवानी सांगाडा, सांगाड्यांत विटांची भरती, चौक, ओसरी, सुरुदार खांब, वर कडीपाट : शनिवारवाड्यांत जी विद्या जळाली तीच लहान प्रमाणांत ह्या घरांत श्वास घेते आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं जेथल्या तेथें गोठलीं. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला सोडून जाववेना. पानशेतच्या १९६१ च्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील किती वाडे बसले, तें त्या पिढीच्या लोकांना विचारावें. आणि जे उरले त्यांतल्या वर्तुळांतील रहिवाशाला घर पाडून नवें बांधतां येत नाहीं, दुरुस्तीलाहि परवानगीसाठीं खेटे घालावे लागतात, आणि जुनें तसेंच सांभाळावें तर त्याच्या हातांत कोणी दिडकीहि ठेवीत नाहीं. जळून गेलेल्या वाड्याच्या रक्षणापायीं उभे असलेले वाडे कुजावे, हा प्रकार विपरीत खरा. ह्याचा दोष व्हेनिसच्या सनदेवर ढकलणें अन्यायाचें होईल, कारण कायदा आपला आहे. पण स्मारक म्हणजे दगडी अवशेष आणि भोंवतालचीं राहतीं घरें म्हणजे त्याची अडचण, ही जी समजूत कायद्याच्या मुळाशीं आहे, ती त्याच कुळांतली.

व्हेनिसला पहिलें लक्षांत ठेवण्याजोगें उत्तर दिलें तें एका राष्ट्रीय समितीनें. ऑस्ट्रेलियाच्या समितीनें १९७९ मध्यें दक्षिण ऑस्ट्रेलियांतील एका जुन्या तांब्याच्या खाणीच्या गांवीं बसून आपली निराळी सनद केली. गांवाचें नांव बरा. मराठी वाचकाला ‘बरा सनद’ हा शब्द वाचून हंसूं येईल, पण सनद नुसती बरी नाहीं, उत्तम आहे. त्या देशांत राजवाडे नाहींत कीं हजार वर्षांचीं मंदिरें नाहींत. आहेत त्या खाणी, लोंकरीच्या शेडी आणि मूळ रहिवाशांचीं पवित्र स्थळें. व्हेनिसचा मापदंड तेथें लावला तर सारा देश नापास! तेव्हां ह्या समितीनें प्रश्नच फिरविला. वास्तू किती जुनी, किती सुंदर, हें नंतर; ती कोणाला, कशासाठीं महत्त्वाची आहे हें आधीं ठरवा, लिहून काढा, आणि मग गरजेपुरताच हात लावा. शैली साधी; कलमाशेजारीं स्पष्टीकरण; आणि चार वेळां, शेवटीं २०१३ मध्यें, स्वतःचीच दुरुस्ती करण्याचा मोठेपणा. ही सनद त्या एका देशासाठीं लिहिलेली असून तिचा आधार पुढें जगभर घेतला गेला. न्यूझीलंडच्या समितीनें १९९२ मध्यें आणि चीनच्या समितीनें २००० मध्यें आपापलीं तत्त्वें मांडलीं, तींहि ह्याच वाटेवरचीं. राष्ट्रीय समितीची खरी सेवा ती हीच : आंतरराष्ट्रीय परिषदेपुढें नुसती मान डोलविणें नव्हे, तर आपल्या मातींतून आलेली हरकत सविनय पण ठामपणें नोंदविणें. परिषद तशा हरकतींनींच शहाणी झाली आहे.

बरा सनदेचा प्रश्न पुण्यांत विचारून पाहावा. बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ मध्यें मुलींची शाळा सुरू केली. कारागिरीच्या दृष्टीनें तो वाडा पेठेंतल्या इतर वाड्यांहून फार निराळा नव्हता; त्याचें मोल त्या खोल्यांत जें घडलें त्यांत होतें. वर्षानुवर्षें कज्जा चालला, वाडा मोडकळीस आला, आणि डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकासाठीं तो उतरविण्यांत आला. स्मारक व्हावें ह्यांत दोन मतें नाहींत. पण ज्या भिंतींनीं पहिल्या मुलींचें पाठांतर ऐकलें त्यांतली एखादी भिंत, एखादी चौकट, नव्या स्मारकाच्या पोटांत राखावी किंवा कसें, हा प्रश्न इमारत मोडकळीस येण्यापूर्वीं वीस वर्षें विचारावयाचा असतो. महत्त्व आधीं लिहून काढा, ह्या साध्या सूचनेचा अर्थ तो हाच. तें महत्त्व आपणां सर्वांना ठाऊक होतें. वास्तूपुरतें त्याचें टिपण मात्र वेळेवर झालें नाहीं.

नारा येथील १९९४ चा कागद जपानी सरकारच्या संस्कृतिखात्यानें युनेस्को व इकोमॉस प्रभृति संस्थांसह बोलाविलेल्या परिषदेंतून निघाला. जपानांत जुनीं लांकडी मंदिरें सांधे सोडवून उतरवितात, कुजलेलें लांकूड बदलतात आणि पुन्हां जुळवितात. इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनीं नवें बांधलें जातें. मग तें अस्सल कीं नक्कल? नाराचें उत्तर असें कीं, अस्सलपणा सर्व जगाला एकाच ताजव्यानें तोलतां येत नाहीं. ज्या संस्कृतीची वास्तू, तिच्या समजुतीनेंच तो ठरवावा. विचार थोर आहे, पण भाषा धूसर. ह्या कागदाचा आधार घेऊन उद्यां कोणीहि सिमेंटचा खांब उभा करील आणि आमच्या संस्कृतींत असेंच चालतें म्हणून सांगेल, हें भय आम्हांस वाटतें. तरीहि विश्रामबागवाड्यासमोर उभें राहिलें कीं नाराकरांची बाजू पटूं लागते. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. येथें इंग्रजांनीं १८२१ मध्यें संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाड्याबरोबर ह्यालाहि आग लागली आणि जळालेला भाग मागाहून पुन्हां उभारण्यांत आला. आज रस्त्यावरून जातांना आपण जी वास्तू मान वर करून पाहतों, ती अशी जळून सावरलेली आहे. तिला नक्कल म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाहीं. ज्या हातांना ती विद्या येत होती त्या हातांनीं ती दुरुस्त झाली, एवढें आम्हांस पुरेसें वाटतें. आणि ते हात उद्यां मिळतील ना, ही काळजी त्याहून मोठी आहे.

आपल्या देशांतील प्रयत्न म्हणजे इन्टॅक ह्या न्यासाची २००४ ची सनद. हा न्यास १९८४ चा. इकोमॉसच्या राष्ट्रीय समितीहून तो वेगळा, परंतु ह्या क्षेत्रांतले पुष्कळ कार्यकर्ते दोन्हींकडे वावरतात. केंद्र सरकारच्या पुरातत्त्वखात्याच्या संरक्षणाखालीं देशभरांत सुमारें ३,७०० स्मारकें आहेत. बाकीच्या अगणित घरांचें, देवळांचें, घाटांचें काय, असा ह्या सनदेचा सवाल. परंपरागत कारागीर हा नुसता मजूर नसून जाणकार आहे, आणि जीर्णोद्धार ही आपली जुनी रीत व्हेनिसला मान्य नसली तरी त्याज्य नव्हे, असें ती स्पष्ट सांगते. हें धाडस आम्हांस फार आवडलें. लेखन मात्र कचेरींतलें. वाक्यें जड, पुनरुक्ति पुष्कळ. आणि जीर्णोद्धार ह्या शब्दावर तिनें टाकलेला विश्वास आम्हांस थोडा भाबडा वाटतो. आपल्या गांवोगांवीं आज ह्या नांवाखालीं काय चाललें आहे? काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबाला ऑइलपेंट, गाभाऱ्याला चकचकीत फरशी, शिखराला भडक रंग, आणि दीपमाळेच्या पायथ्याशीं देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी. भक्तीचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाहीं. पण जीर्णोद्धार करणाऱ्या स्थपतीला शास्त्र ठाऊक असे. आजच्या ठेकेदाराला दरपत्रक ठाऊक असतें. व्हेनिसचा हात आंखडण्याचा उपदेश येथें फार उपयोगी पडेल. तेव्हां परक्यांची सनद टाकाऊ आणि आपली तेवढी ग्राह्य, असा निवाडा आमच्याकडून अपेक्षूं नये.

सरतेशेवटीं जिच्यासाठीं हा सारा प्रपंच केला ती तत्त्वावली. इकोमॉसचें एकोणिसावें महाधिवेशन डिसेंबर २०१७ मध्यें भारतीय समितीच्या यजमानपदाखालीं दिल्लीस भरलें. विषय होता वारसा आणि लोकशाही. त्या विषयावरचीं भाषणें कालांतरानें विसरलीं जातील. परंतु त्याच सभेनें लांकडी वास्तूंच्या संरक्षणाचीं तत्त्वें मंजूर केलीं, तीं टिकावीं अशीं आहेत. १९९९ मध्यें मेक्सिकोंत केलेल्या मसुद्याची ही सुधारलेली आवृत्ति. हात लावण्यापूर्वीं वास्तूचें पूर्ण टिपण करावें. शक्य तितका मूळ सांगाडा राखावा. बदलावयाचें लांकूड त्याच जातीचें, तशाच रेषांचें व तितकेंच मुरलेलें असावें. सांधे जुन्या रीतीनें व शक्य तेथें जुन्याच हत्यारांनीं करावे. नव्या तुकड्यावर हळूच खूण करावी, म्हणजे पुढच्या पिढीला जुनें कोणतें व नवें कोणतें तें कळेल. ह्यांत व्हेनिसचा प्रामाणिकपणा आहे, नाराची समज आहे, आणि दोहोंतहि नसलेला सुताराचा अनुभव आहे. आमच्या मतें हा ह्या सर्व कागदांत पुण्याला सर्वांत जवळचा.

त्याची प्रचीति आम्हांस एका वाड्यांतच आली. माजघरावरची तुळई भिंतींत शिरते त्या टोंकाशीं ओल लागून कुजली होती. पाहणीस आलेल्या अभियंत्यानें सबंध तुळई काढून लोखंडी गर्डर घालण्याचें सुचविलें. म्हाताऱ्या सुतारानें तुळईवर ठिकठिकाणीं हातोडीनें वाजवून पाहिलें, हातभर टोंक खडूनें आंखलें, आणि तेवढेंच कापून तिरप्या सांध्यानें नवें लांकूड जोडलें. कुजलेल्या खांबालाहि त्यानें तळखड्यापासून वीतभर उंचीचा तुकडा तसाच दिला. त्या गृहस्थास दिल्लीच्या ठरावाची वार्ताहि नव्हती; त्या ठरावाचें मर्म मात्र त्याच्या हातांत होतें. त्याचा मुलगा आतां घराघरांतून प्लायवूडचीं कपाटें बसवितो. भारतीय समितीनें ह्या तत्त्वांची, चित्रांसह, सुताराला आणि घरमालकाला कळेल अशी मराठी पुस्तिका काढणें हें एखाद्या परिसंवादाहून मोलाचें काम होईल. आणि उलट बाजूनें, कसब्यांतल्या ह्या सुताराची जी रीत आहे ती लिहून परिषदेच्या लांकूडमंडळाकडे पाठविणें हेंहि तितकेंच. कारण सुरुदार खांब आणि कडीपाट ह्यांची विद्या त्या मंडळास जपान किंवा नॉर्वे शिकविणार नाहीं.

ह्या तत्त्वांत एक कलम असें आहे कीं, दुरुस्तीसाठीं योग्य लांकूड मिळावें म्हणून राखीव वनें सांभाळावीं व लांकडाचा सांठा करावा. पुण्याला ह्यासाठीं रान राखण्याचीहि गरज नाहीं. दर वर्षीं पेठांतून वाडे उतरतात. त्यांच्या तुळया, खांब, चौकटी व दारें जुन्या लांकडाच्या वखारींत जातात, आणि तेथून कोणाच्या बंगल्याच्या दिवाणखान्यांत नाहींतर एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागांत. दोनशें वर्षें मुरलेलें तें सागवान शेजारच्या गल्लींतल्या खचत्या वाड्याला मिळत नाहीं, कारण त्या वाड्याच्या मालकाला तो भाव परवडत नाहीं. महानगरपालिकेनें पाडकामाची परवानगी देतांना चांगल्या लांकडाची नोंद करावयाची, तें आपल्या एखाद्या रिकाम्या गाळ्यांत ठेवावयाचें, आणि यादींतल्या वाड्यांच्या दुरुस्तीसाठीं वाजवी दरानें द्यावयाचें, एवढी व्यवस्था केली तरी पुष्कळ होईल. तिला पॅरिसची मंजुरी लागत नाहीं. लागेल ती एक वखार, एक नोंदवही आणि लांकूड ओळखणारा एक मिस्त्री.